वाहिन्यांचे आयडेंट, त्यांच्या आवृत्त्या आणि न दाखवलेले चित्रण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विषयावर आमच्याकडे सतत येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. बहुतेक प्रश्न दूरदर्शन आणि ब्रिटनमधील बीबीसी व चॅनल फोर यांच्याविषयीचे असल्याने उत्तरांचा भरही तेथेच आहे. एका उत्तरात आलेली माहिती दुसऱ्यात पुन्हा दिलेली नाही; गरज असेल तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आयडेंट नेमके कशाला म्हणायचे? प्रोमो किंवा मालिकेचे शीर्षकगीत हेही आयडेंटच ना?

नाही. दोन कार्यक्रमांच्या मध्ये आपण कोणती वाहिनी पाहत आहोत एवढेच सांगणारे जे लहानसे चित्रण दाखवले जाते, ते आयडेंट. प्रोमो एखाद्या कार्यक्रमाची जाहिरात करतो आणि शीर्षकगीत त्या कार्यक्रमाच्या मालकीचे असते. जाहिरातींच्या आधी-नंतर चमकून जाणारी दोन-तीन सेकंदांची झलक म्हणजे स्टिंग किंवा बंपर. पडद्याच्या कोपऱ्यात कायम बसलेला लोगो हा वेगळा प्रकार असून त्याचा या पानाशी संबंध नाही.

२. एकाच आयडेंटच्या इतक्या आवृत्त्या का असतात? एक चांगली फीत करून तीच वापरणे सोपे नव्हे का?

सोपे आहे, पण ज्या वाहिनीवर निवेदक बोलतो तिला ते परवडत नाही. ब्रिटनमध्ये कार्यक्रमाची ओळख करून देणारा निवेदक आयडेंटवरच बोलतो. त्याचे निवेदन कधी आठ सेकंदांत संपते, तर कधी आधीचा कार्यक्रम लवकर संपल्यामुळे त्याला पाऊण मिनिट काढावे लागते. म्हणून आयडेंटची सुरुवात लक्ष वेधणारी, मधला भाग शांत आणि शेवट हवा तितका वेळ स्थिर राहू शकेल किंवा पुन्हापुन्हा फिरवता येईल असा ठेवलेला असतो. याशिवाय त्याच चित्रणातून छोटी आवृत्ती, बातम्यांपूर्वीची आवृत्ती आणि नुसती स्टिंगही कापली जाते.

दुसरे कारण प्रादेशिक. बीबीसी वन आणि बीबीसी टू यांच्या स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड येथील प्रसारणात लोगोखाली त्या प्रदेशाचे नाव येते (बीबीसी टूच्या स्कॉटलंड आवृत्तीत ते २०१९ पर्यंत येई), त्यामुळे एका आयडेंटच्या चार आवृत्त्या तर कागदावरच तयार होतात. तिसरे कारण पडद्याचा आकार. ब्रिटनमध्ये रुंद पडद्याचे डिजिटल प्रसारण १९९८ मध्ये सुरू झाले, पण बहुसंख्य घरांत जुने चौकोनी संच होते. रुंद चित्र दोन्ही बाजूंनी थोडे कापून त्यांच्यापर्यंत पोहोचवले जाई आणि लोगो कापला जाऊ नये म्हणून तो मध्याकडे ओढलेला असे. 'माझ्याकडच्या फितीत लोगो मध्ये आहे आणि मित्राकडच्या फितीत बाजूला आहे' या स्वरूपाच्या प्रश्नांचे उत्तर बहुतेक वेळा येथेच मिळते.

३. दूरदर्शनचे ते फिरत फिरत जुळणारे बोधचिन्ह कोणी केले? त्याची मूळ आवृत्ती कोणती?

चिन्ह अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत जन्मले. तेथील विद्यार्थी देवाशिष भट्टाचार्य यांनी ते वर्गातील कामाचा भाग म्हणून रेखाटले. विकास सातवळेकर हे त्या वेळी तेथे शिक्षक होते. दोन वक्र आकार आणि त्यांच्या मध्ये एक वर्तुळ, एवढीच त्याची सामग्री. हे आकार विखुरलेल्या स्थितीतून गोल फिरत डोळ्याच्या आकारात येतात, ते चलच्चित्र त्याच संस्थेतील आर. एल. मिस्त्री यांनी रेखाटनांच्या प्रती कॅमेऱ्याखाली फिरवून तयार केले. संगीत पंडित रविशंकर आणि सनईवादक उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांच्या नावे सांगितले जाते. 'सारे जहाँ से अच्छा'च्या चालीशी त्याचे नाते कानाला लगेच जाणवते.

आकाशवाणीपासून दूरदर्शन वेगळे झाले, त्या १ एप्रिल १९७६ रोजी हा आयडेंट प्रथम दिसला. मूळ आवृत्ती म्हणायची तर हीच. नंतरच्या दशकांत चिन्ह तेच ठेवून त्याच्यामागे निरनिराळी दृश्ये, चकचकीत धातूसारखे पोत आणि त्रिमिती परिणाम आले, परंतु त्या वेगळ्या निर्मिती आहेत आणि त्यांना मूळ चित्रणाच्या आवृत्त्या म्हणणे बरोबर होणार नाही. आमच्या मते त्यांपैकी एकीलाही पहिलीची सर नाही. कॅमेऱ्याखाली हाताने फिरवलेल्या कागदाच्या हालचालीत जो किंचितसा जडपणा आहे, त्यामुळे ते आकार एकमेकांना शोधत असल्यासारखे वाटतात. संगणकावरच्या गुळगुळीत फिरकीत ते हरवले.

४. मला सत्तरच्या दशकात दूरदर्शनचा आयडेंट रंगीत पाहिल्याचे पक्के आठवते. अशी आवृत्ती होती का?

आपल्या घरच्या पडद्यावर ती दिसणे शक्य नव्हते. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, पण देशात रंगीत प्रसारण १९८२ मध्ये आले. तोपर्यंत मूळ रेखाटन कोणत्याही रंगात असले, तरी प्रसारण कृष्णधवलच होते. नंतर पाहिलेली रंगीत आवृत्ती आठवणीत मागे सरकते. काही घरांत कृष्णधवल संचापुढे निळसर किंवा तिरंगी पारदर्शक काच लावलेली असे, हेही एक कारण संभवते. फितीवर दिसणाऱ्या रंगांच्या फरकाविषयी प्रश्न ७ पाहावा.

५. 'न दाखवलेले चित्रण' म्हणजे नक्की काय? असे खरोखर काही असते का?

असते, पण या एका शब्दाखाली पाच-सहा वेगवेगळ्या गोष्टी ढकलल्या जातात आणि गोंधळ तेथूनच सुरू होतो. चित्रीकरणाचे सर्व मूळ टेक, म्हणजे रशेस, हा पहिला प्रकार. संकलनात टाकून दिलेले तुकडे हा दुसरा. लोगो आणि अक्षरे चढवण्यापूर्वीचे कोरे चित्रण हा तिसरा. प्रादेशिक आवृत्त्या त्यावरूनच बनत असल्याने हे जपून ठेवलेले असते. पूर्ण तयार होऊनही वापरात न आलेला आयडेंट हा चौथा. वाहिनीला दाखवण्यासाठी केलेले नमुने हा पाचवा.

यांखेरीज एक फसवा प्रकार आहे. आयडेंटचा शेवटचा भाग निवेदन लांबले तरच दिसतो. त्यामुळे वर्षानुवर्षे पहिली वीस सेकंदेच पाहिलेल्या प्रेक्षकाला एके दिवशी पंचेचाळिसाव्या सेकंदाचे दृश्य दिसले की ते 'कधीच न दाखवलेले' वाटते. आमच्याकडे येणाऱ्या शोधांपैकी फार मोठा भाग या प्रकारात मोडतो. ते क्वचित दिसलेले चित्रण आहे, न दाखवलेले नव्हे.

६. बीबीसी वनच्या जुन्या फिरत्या पृथ्वीगोलाची मूळ फीत कोठे मिळेल?

कोठेही नाही, कारण तशी फीत मुळातच नव्हती. नोव्हेंबर १९६९ मध्ये बीबीसी वन रंगीत झाल्यावर आलेला हा गोल म्हणजे मोटरवर फिरणारे खरेखुरे लहान मॉडेल होते आणि त्याच्या मागे त्याचे प्रतिबिंब दाखवणारा वक्र आरसा बसवलेला होता. एक छोटा कृष्णधवल कॅमेरा त्याच्याकडे रोखलेला असे आणि निवेदनाची वेळ आली की त्याचे चित्र थेट प्रसारणात सोडले जाई. या यंत्रणेला तेथील लोक लाडाने 'नॉडी' म्हणत. रंग गोलावर नव्हताच. कृष्णधवल चित्रातील उजळ भागाला एक आणि गडद भागाला दुसरा असा तो विद्युत उपकरणातून भरला जाई. १९७४ पासून निळ्यावर पिवळा आणि १९८१ पासून निळ्यावर पोपटी गोल दिसला. त्या बदलांत अक्षरेही बदलली, पण आरशासमोर गोल फिरवण्याची मूळ कल्पना शेवटपर्यंत तीच राहिली.

म्हणजे १९६९ ते १९८५ या काळातील प्रत्येक दर्शन हे त्या क्षणीचे थेट चित्र होते. आज जे उपलब्ध आहे ते कोणीतरी प्रसारण ध्वनिचित्रमुद्रित केले म्हणून. कार्यक्रमांच्या जुन्या फिती पुसून पुन्हा वापरण्याची सवय बीबीसीला सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत होती. जेथे कार्यक्रमांचीच ही गत, तेथे दोन कार्यक्रमांमधली मिनिटे कोण जपणार? १८ फेब्रुवारी १९८५ रोजी संगणकनिर्मित गोल आला. १६ फेब्रुवारी १९९१ रोजी त्याची जागा घेणारा धूसर गोल लेझरडिस्कवरून दाखवला जाई. त्यामुळे पुन्हापुन्हा वापरता येईल अशी 'मूळ प्रत' ही संकल्पना बीबीसी वनच्या गोलाला फार उशिरा लागू होते.

७. माझ्या कॅसेटवरच्या गोलाचा रंग इंटरनेटवरच्या गोलापेक्षा वेगळा आहे. ही वेगळी आवृत्ती समजावी का?

एकट्या रंगावरून समजू नये. प्रश्न ६ मध्ये सांगितल्याप्रमाणे रंग उपकरणातून भरला जात असल्याने जुळणीत थोडा फरक पडला तरी छटा बदले. त्यावर व्हीएचएस कॅसेटचा स्वतःचा दोष: रंग कडांबाहेर सांडतो, प्रतीची प्रत काढली की आणखी फिका होतो. वेगळी आवृत्ती ठरवायची असेल तर अक्षरांचे वळण, लोगोची जागा, हालचालीचा वेग आणि ध्वनी पाहावेत. यांपैकी किमान एक बाब निःसंशय वेगळी असेल तरच नोंद वेगळी करावी.

८. चॅनल फोरचे रंगीत ठोकळे उडत येऊन '४' बनवतात, त्याचे दुसऱ्या कोनातून घेतलेले चित्रण आहे का?

नाही, आणि असण्याची शक्यताही नाही. २ नोव्हेंबर १९८२ रोजी वाहिनी सुरू झाली तेव्हा रचनाकार मार्टिन लॅम्बी-नेर्न यांनी केलेला हा आयडेंट संगणकावर बनला होता. तसे काम करू शकणारी यंत्रणा तेव्हा ब्रिटनमध्ये नसल्याने ते अमेरिकेत बो गेरिंग यांच्याकडून करून घेण्यात आले. संगणकनिर्मित चित्राला रशेस नसतात. जी चौकट, म्हणजे हलत्या चित्रातले जे एकेक स्थिर चित्र, यंत्राला काढायला सांगितली, तेवढीच अस्तित्वात येते, आणि त्या काळी एकेक चौकट इतकी महाग पडे की जास्तीची कोणी काढत नसे. ठोकळ्यांच्या हालचाली वेगळ्या असलेल्या ज्या आवृत्त्या दिसतात, त्या स्वतंत्रपणे बनवून प्रसारित केलेल्या आहेत. डेव्हिड डंडस यांची चार सुरांची धून मात्र सर्वांत सामाईक आहे.

३१ डिसेंबर २००४ पासूनच्या आयडेंटबाबत उत्तर उलटे आहे. त्यांत विजेचे मनोरे, कुंपणे, इमारती असे तुकडे वाटेत विखुरलेले दिसतात आणि कॅमेरा पुढे सरकताना एका क्षणी, एकाच जागेवरून, त्यांचा '४' जुळतो व लगेच विस्कटतो. येथे प्रत्यक्ष चित्रीकरण आणि संगणकीय भर यांचा मिलाफ असल्याने, संगणकाने काही चढवण्यापूर्वीचे कोरे चित्रण ही खरी वस्तू आहे. फक्त त्यात '४' कोठेच सापडणार नाही.

९. बीबीसी टूच्या '२' या अंकाचे एकूण किती आयडेंट आहेत? यादी पूर्ण कशी करावी?

आधी 'एक' कशाला मानायचे ते ठरवल्याशिवाय ही संख्या सांगण्यात अर्थ नाही. मालिका १६ फेब्रुवारी १९९१ रोजी सुरू झाली आणि १९ नोव्हेंबर २००१ रोजी थांबली. कल्पना पुन्हा लॅम्बी-नेर्न यांच्या संस्थेची होती. गिल सॅन्स नावाच्या अक्षरवळणाचा तोच एक '२', पण दर वेळी वेगळ्या पदार्थाचा: कधी त्यावर हिरव्या रंगाचा फवारा आदळतो, कधी तो धारदार पात्यासारखा येऊन जमिनीत रुततो, कधी रेशमाखाली दडलेला असतो. पुढे तर तो केसाळ खेळण्यातल्या कुत्र्यासारखा भुंकून उडीही मारू लागला. प्रत्येक नाताळाला वेगळा संच येई आणि एखाद्या विषयाला वाहिलेल्या रात्रीसाठी त्या रात्रीपुरता '२' बने.

या आयडेंटमागची हकिकत सांगण्यासारखी आहे. त्याआधी १९८६ पासून पांढऱ्या पार्श्वभूमीवर 'टू' ही अक्षरे असत आणि प्रेक्षकांच्या पाहणीत वाहिनी कंटाळवाणी व पंडिती वाटते असे निघाले होते. नवे आयडेंट आल्यावर तीच माणसे वाहिनीला चतुर आणि खेळकर म्हणू लागली, कार्यक्रमांत फारसा बदल झालेला नसतानाही. आयडेंटवर पैसा खर्च करण्याचे समर्थन करणारे लोक आजही हेच उदाहरण देतात, आणि ते खरोखरच बळकट आहे.

यादीसाठी आमची पद्धत अशी: चित्रण वेगळे असेल तर आयडेंट वेगळा, चित्रण तेच असून लांबी, प्रादेशिक नाव, ध्वनी किंवा चौकट वेगळी असेल तर ती त्याच आयडेंटची आवृत्ती. हा नियम एका ठिकाणी अडतो. एकाच चित्रणाचे दोन वेगळे टेक प्रसारित झाले असतील, जसे की रंगाचा फवारा दोनदा मारून दोन्ही वेळचे चित्र वापरले, तर काय करायचे? आम्ही अशा टेकना आवृत्ती मानतो, कारण पाहणाऱ्याच्या दृष्टीने ती एकच घटना असते. पण दुसऱ्या बाजूलाही आधार आहे. एक सावधगिरी मात्र घ्यावी. वाहिनीच्या पन्नाशीनिमित्त २०१४ मध्ये जुन्यांपैकी काही '२' परत आले आणि २०१८ पर्यंत राहिले. त्या काळातील मुद्रण १९९० च्या दशकातील आवृत्ती म्हणून नोंदवू नये.

१०. बीबीसी वनचा लाल-केशरी बलून खरा होता का? त्याचे न दाखवलेले चित्रण का असणारच असे म्हणतात?

बलून खरा होता. पृथ्वीगोलाच्या नकाशाने रंगवलेला गरम हवेचा हा फुगा ४ ऑक्टोबर १९९७ पासून पडद्यावर आला, आणि ब्रिटनभर वेगवेगळ्या ठिकाणी उडवून त्याचे चित्रीकरण करण्यात आले. जुना गोल स्टुडिओतून काढून देशावर तरंगत सोडायचा, अशी ती कल्पना.

गरम हवेचा बलून वाऱ्याच्या मर्जीने जातो. त्याला किल्ल्याच्या बुरुजामागून नेमक्या वेळी वर यायला सांगता येत नाही. शांत हवा पहाटे किंवा सूर्यास्ताच्या सुमारास मिळते, म्हणजे चांगल्या प्रकाशाची मिनिटे मोजकीच. त्यामुळे हेलिकॉप्टरमधील कॅमेरा सुरू ठेवून बलून चौकटीत बरोबर येईपर्यंत चित्रण करत राहणे भाग पडते आणि अर्ध्या मिनिटाच्या आयडेंटमागे कितीतरी जास्त फिल्म खर्ची पडते. न दाखवलेल्या चित्रणाचा दावा ऐकताना आम्ही म्हणूनच प्रथम हे पाहतो की त्या आयडेंटच्या निर्मितीत उरलेले काही असण्याला जागा होती का. बलूनबाबत होती, चॅनल फोरच्या ठोकळ्यांबाबत नव्हती.

११. बीबीसी वनवरील पोहणारे पाणघोडे आणि लाल कपड्यांतील नर्तक यांच्याबाबत काय?

पाणघोडे ऑक्टोबर २००६ मध्ये सुरू झालेल्या वर्तुळाच्या मालिकेतील आहेत आणि ते संगणकनिर्मित आहेत, तेव्हा प्रश्न ८ मधील पहिला भाग लागू. नर्तक २९ मार्च २००२ पासूनच्या मालिकेतील असून ती माणसे खरी आहेत. तीत बॉलिवूड शैलीचाही एक आयडेंट होता आणि चाकाच्या खुर्चीवरील नर्तकांचाही. तेथे रशेस असणे स्वाभाविक आहे.

१२. एखादी दुःखद घटना घडली की वाहिनी आयडेंट बदलते का? ती न दाखवलेली आवृत्ती मानावी का?

बदलते. गंभीर कार्यक्रमापूर्वी नाचणारे किंवा विनोदी चित्र दाखवणे बरे दिसत नाही, म्हणून प्रत्येक संचात एक-दोन शांत आयडेंट ठेवलेले असतात. शोकप्रसंगासाठीच्या आवृत्त्या आधीपासून तयार असतात. त्यांतील काही कधीच वापरल्या न जाता संच बदलतो. प्रश्न ५ मधील चौथ्या प्रकाराचे हे सर्वांत विश्वसनीय उदाहरण होय. २०२० च्या टाळेबंदीत बीबीसी वनने उलट केले. छायाचित्रकार मार्टिन पार यांच्या सहभागातून २०१७ मध्ये आलेल्या मालिकेत माणसांचे गट एकत्र जमलेले होते, आणि ते दृश्य अचानक विसंगत ठरल्याने घराघरांत चित्रित केलेले आयडेंट आले. त्यांना त्याच मालिकेचा उपसंच मानावे, आवृत्त्या मानू नयेत.

१३. इंटरनेटवरचा 'न दाखवलेला आयडेंट' खरा की हौशी माणसाने बनवलेला, हे कसे ओळखावे?

लोगोपासून सुरुवात करावी. बीबीसीच्या लोगोतील अक्षरांच्या तीन चौकटी ऑक्टोबर १९९७ पर्यंत तिरप्या होत्या आणि नंतर सरळ झाल्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये अक्षरे पुन्हा बदलली आणि चौकटींमधील अंतर वाढले. १९९५ ची म्हणून सांगितलेली फीत सरळ चौकटी दाखवत असेल तर पुढे पाहण्याची गरज नाही. दुसरी खूण गतीची. ब्रिटनमध्ये, आणि भारतातही, सेकंदाला २५ चौकटींचे पाल प्रसारण होते. तीसच्या गतीने बनवलेली हौशी फीत पाल फितीच्या चौकटींशी ताडली की वेगळी पडते. तिसरी खूण व्हीएचएसच्या चित्राची. चित्राच्या अगदी तळाशी काही रेषा तुटक, वाकड्या दिसतात, कारण तेथे फीत वाचणारे एक हेड थांबून दुसरे वाचू लागते. नकली जुनेपणा चढवणारी सॉफ्टवेअर सगळ्या पडद्यावर धूळ आणि ओरखडे टाकतात, पण ही तळाची पट्टी त्यांना क्वचितच नीट जमते.

हौशी निर्मितीला आमचा आक्षेप नाही. काही कामे मुळाहून सरस आहेत. ती तशी सांगून द्यावीत, इतकेच.

१४. नातेवाइकांनी लंडनहून आणलेल्या जुन्या कॅसेटवर असे काही सापडू शकते का? ती इथे चालेल का?

दोन्ही देशांत पाल पद्धत असल्याने कॅसेट येथील व्हीसीआरवर चालते. अमेरिकेतून आलेली कॅसेट मात्र एनटीएससी पद्धतीची असते आणि तिला दोन्ही पद्धती वाचणारे यंत्र लागते. घरगुती मुद्रणात सापडण्याची शक्यता चांगली असते, कारण लोक चित्रपट सुरू होण्याच्या दोन मिनिटे आधीच बटण दाबत.

कोकण आणि मुंबईच्या दमट हवेत फितीला बुरशी धरते. कॅसेटच्या खिडकीतून रिळाच्या कडेवर पांढरे ठिपके किंवा जाळे दिसत असेल तर ती यंत्रात घालू नये. बुरशी हेडवर बसते आणि पुढची प्रत्येक कॅसेट खराब करते. डिजिटल प्रत काढताना आयडेंटच्या आधीचे आणि नंतरचे काहीही कापू नये. आधीच्या कार्यक्रमाची शेवटची श्रेयनामावली, निवेदकाचा आवाज, घड्याळ, यांवरूनच तारीख ठरते. नेमका कापून स्वच्छ केलेला आयडेंट दिसायला छान असतो, पण पुरावा म्हणून जवळजवळ निरुपयोगी ठरतो.

१५. असे चित्रण इंटरनेटवर टाकणे कायदेशीर आहे का?

भारतीय कायद्यात चित्रफितीचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे आणि प्रसारण संस्थेचा प्रसारणावरील हक्क पंचवीस वर्षे असतो. संगीताचा हक्क वेगळा मोजला जातो. ब्रिटनमध्ये प्रसारणावरील हक्क पन्नास वर्षांचा आहे. म्हणजे साठ वर्षांच्या हिशोबाने १९७६ चा दूरदर्शनचा आयडेंटही अजून मोकळा नाही. प्रकाशित न झालेल्या रशेसबाबत निर्माता संस्थेची लेखी परवानगी घेणे हाच सुरक्षित मार्ग.

१६. तयार होते, पण ठरल्या वेळी दिसलेच नाही, असे साहित्य कोणत्या प्रकारात टाकावे?

बीबीसी टूच्या पहिल्या रात्रीमुळे हा प्रश्न वारंवार येतो. २० एप्रिल १९६४ रोजी वाहिनीचे उद्घाटन व्हायचे होते, त्यासाठी कांगारूंचे मानचिन्हही ठरले होते, आणि त्याच संध्याकाळी बॅटरसी येथील वीजकेंद्रातील बिघाडाने पश्चिम लंडनची वीज गेली. ठरलेले कार्यक्रम दुसऱ्या दिवशी दाखवण्यात आले. पहिल्या रात्री वीज असलेल्या अलेक्झांड्रा पॅलेस या बीबीसीच्या दुसऱ्या स्टुडिओतून वृत्तनिवेदक तेवढा पडद्यावर येत राहिला, आणि त्याची हरवली मानलेली फीत अनेक वर्षांनी सापडली. दुसऱ्या दिवशी दिसलेले साहित्य 'प्रसारित' मानून खरी तारीख नोंदवावी. पहिल्या रात्रीपुरतेच केलेले आणि नंतर कधी न लागलेले काही हाती आले, तर ते प्रश्न ५ मधील चौथ्या प्रकारात जाईल, आणि त्यासाठी ते त्या रात्रीकरताच तयार झाले होते याचा स्वतंत्र पुरावा लागेल.